दुधाच्या गुंड्या

मी नंदुरबारच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. शास्त्र म्हणजे एक कपाट. त्यात चार परीक्षानळ्या, एक फुटकं नरसाळं, गंधकाची बाटली आणि एक लोहचुंबक. मुलं दरवर्षी त्या चुंबकाला टाचण्या चिकटवून बघत आणि पुढच्या वर्गात जात. पण पुण्याला राहून इंटर सायन्सपर्यंत शिकलेला माणूस तेव्हा आमच्या भागात विरळा, त्यामुळे मला मान होता. विहिरीचं पाणी खारट का लागतं इथपासून म्हैस आटली ती कशाने इथपर्यंत लोक मला काहीही विचारत, आणि मी उत्तर देत असे. ठाऊक नाही, असं म्हणायची मला सवयच नव्हती. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत आहे, असं माझी बायको म्हणते, आणि आता या वयात तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

महायुद्ध चालू होतं. जपानी गुंड्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या आणि शिंपी सदऱ्यांना कापडाच्या गाठी लावून देत होते. अशात एका रविवारी धानोऱ्याचे आप्पा माझ्याकडे आले. धानोऱ्याची निम्मी काळी जमीन त्यांच्या घराण्याची. कापसाची सरकी काढायचं त्यांचं जिन दोन वर्षं बंद पडलं होतं आणि ती रिकामी पत्र्याची शेड त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक दुधी रंगाची गुंडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"मास्तर, हाई काय शे?"

"गुंडी," मी म्हणालो.

"ते माले बी दिखस. कशानी शे?"

मी ती उजेडात धरली, नखाने वाजवली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणालो, "सेल्युलॉइडची."

"दूधनी शे," आप्पा म्हणाले.

"हो, दुधाचीही करतात," मी म्हणालो.

सुरतेचा एक ठेकेदार लष्करासाठी सदरे शिवून देत होता. गुंड्यांवाचून त्याचं काम अडलं होतं. विलायतेत दुधापासून प्लास्टिक करतात आणि त्याच्या गुंड्या पाडतात, हे आप्पांना त्याने सांगितलं, नमुना म्हणून ही गुंडीही त्यानेच दिली. आप्पांकडे म्हशी होत्या, शेड होती, कापसाच्या गाठी दाबायचं यंत्र होतं. नव्हता तो फक्त केमिस्ट. "पलास्टिकना कारखाना काढना शे, आनि माल पारखाले मानूस जोयजे," ते म्हणाले. जाताना त्यांनी मला केमिस्टसाहेब अशी हाक मारली. पंधरा दिवसांत मी शाळेचा राजीनामा दिला.

शेडच्या एका कोपऱ्यात माझी प्रयोगशाळा उभी राहिली: सोनाराचा जुना काटा, स्पिरिटचा स्टोव्ह, एक थर्मामीटर आणि पुण्याच्या मित्राकडून मागवलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक. बाहेर पत्र्याची पाटी लागली, तिच्यावर 'केमिस्ट' हा शब्द माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. ती पाटी वाचायला मी सकाळी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडून चालत यायचो.

पुस्तकात सांगितलेलं काम ऐकायला सोपं होतं. दुधातलं सगळं लोणी काढायचं, उरलेलं दूध कोमट करून फाडायचं, निघालेला चोथा धुऊन, दाबून, सावलीत वाळवून दळायचा. पुस्तकात त्या चोथ्याला केसीन म्हटलं होतं; धानोऱ्यात तो शेवटपर्यंत चोथाच राहिला. त्या दाण्यांत थोडं पाणी आणि रंग कालवून गरम दाबाखाली पत्रे पाडायचे, गुंड्या कापायच्या आणि फॉर्मॅलीनच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवायच्या, की त्या शिंगासारख्या टणक होतात. पण गुंडी कशी होणार ते चोथ्यावरच ठरतं. चोथ्यात लोणी राहिलं तर ती ढगाळ आणि ठिसूळ होते, चोथा आंबट असला तर ती पाण्यात टिकत नाही. म्हणून चोथा पारखणारा माणूस कारखान्याचा डोळा असतो, असं त्या पुस्तकात म्हटलं होतं. ते वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित करून आप्पांना भाषांतर करून ऐकवलं.

अडचण दूध फाडण्याच्या पायरीला आली. दूध कशाने फाडायचं यासाठी पुस्तकात जो शब्द होता तो मला येत नव्हता. मोठा कोश काढून पाहिला. दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढलेला रस, असा त्याचा अर्थ निघाला. हे मी आप्पांना सांगायला गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून पान लावत होते. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला.

"मास्तर, तुम्हनी आंघोळ व्हयनी का?"

"हो."

"मंग घर जाईसन परत करा. आनि हाई गोट पुन्हा तोंडम्हाईन काढू नका."

सुरतेच्या ठेकेदाराने दिलेली ती विलायती गुंडी आप्पांनी शुभशकुन म्हणून देवघरात ठेवली होती आणि रोज तिला हळदकुंकू लागत होतं. तीही बहुधा त्याच रसाने झालेली आहे हे मला समजलं होतं. मी घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली.

वाट काढली ती उस्तादने. उस्ताद म्हणजे गावातला कंगवे करणारा कारागीर. त्याच्या घराण्याचा शिंगाच्या कंगव्यांचा धंदा तीन पिढ्यांचा. कातायचं यंत्र, म्हणजे खराद, चालवणारा आणि बारीक भोकं पाडणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून आप्पांनी त्याला कामावर घेतलं होतं. शिंगाचा तुकडासुद्धा शेडमध्ये आणायचा नाही, इथे दूध आहे, असं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं. आप्पांच्या घरातल्या बायका तीन पिढ्या त्याच्याच घरचे कंगवे वापरत होत्या. त्याबद्दल काही नियम झाला नाही.

मी पुस्तक उघडं टाकून डोक्याला हात लावून बसलेला पाहून त्याने विचारलं, काय अडलं. मी नको नको म्हणत सांगितलं.

"मेरी नानी सूरत की थी," तो म्हणाला. "पनीर जमाती थी. डोडी से."

"डोडी म्हणजे?"

"सूखा फल है, बेर से छोटा. अत्तार के यहाँ मिलता है. बच्चों के पेट दर्द में भी देते हैं."

"झाडाचं ना? नक्की?"

"झाड का है मास्टर. अप्पा को बोलो, बेफिकर रहें."

अत्ताराच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात पनीरडोडी मिळाली. आम्ही ती ठेचून कोमट पाण्यात भिजवली, फडक्यातून गाळली आणि ते पाणी लोणी काढलेल्या दुधात घातलं. थोड्या वेळात दूध गोड दह्यासारखं घट्ट बसलं. सुरीने कापलं तर आरशासारखी कड निघाली. वाळलेला चोथा पांढराशुभ्र होता आणि त्याला वास म्हणून नव्हता. आप्पांनी कारखान्यात सत्यनारायण घातला. त्या प्रसंगी मी भाषण केलं, त्यात माझ्या संशोधनाने दूध फाडण्याची अहिंसक रीत सापडली असं सांगितलं. उस्ताद मागे चपला ठेवतात तिथे उभा होता.

आता माझं खरं काम सुरू झालं. रोजच्या चोथ्याचा नमुना घ्यायचा. तो हुंगायचा, पांढऱ्या कागदावर पसरून रंग बघायचा, टिपकागदात दाबून तेलाचा डाग पडतो का ते बघायचं. शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा राखेची. चोथा मुशीत घालून जाळायचा. नीट बसलेल्या चोथ्याची राख भरपूर आणि पांढरी पडते. आंबून फाटलेल्या दुधाचा चोथा काळा फुगतो, लवकर जळत नाही आणि शेवटी राख उरते चिमूटभर. याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागे. मग मी नोंदवहीत लाल शाईने शेरा लिहीत असे: योग्य किंवा अयोग्य. अक्षर माझं वळणदार होतं.

उस्तादची पारख वेगळी होती. तो चिमूटभर दाणे तोंडात टाके, पुढच्या दातांनी चावे आणि थुंकून टाके. "अच्छा है" किंवा "खट्टा है." पान खायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही. सुरुवातीला मी हसलो. त्याला म्हणालो, शास्त्रात दात हे उपकरण धरत नाहीत. पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं की त्याचं आणि माझं उत्तर एकदाही वेगळं आलेलं नाही. त्यानंतर मी काय करायचो तर सकाळी त्याला विचारायचो, दिवसभर स्टोव्हपाशी बसायचो आणि संध्याकाळी त्याचं उत्तर माझ्या सहीने लिहायचो.

पहिल्या गुंड्या खरोखर देखण्या झाल्या. गुळगुळीत, जड, हातात धरल्या तर गारवा लागे. सुरतेचा ठेकेदार गाडीने आला. आप्पा त्याला आणायला नवापूरपर्यंत सामोरे गेले. तेवढं जायची गरज नव्हती, पण आप्पांना नवीन टोपी दाखवायची होती. ठेकेदाराने गुंडी फरशीवर टाकून तिचा आवाज ऐकला, दाराच्या फटीत घालून वाकवून पाहिली.

"धुण्यात टिकेल ना?" त्याने विचारलं.

एरवी अहिराणी बोलणारे आप्पा ठेकेदारासमोर शाळेतलं मराठी काढत. "धुवा, आपटा, उकळा. काही सुद्धा होणार नाही. आमच्या केमिस्टसाहेबांनी परीक्षण केलेलं आहे."

मी एक गुंडी दिवसभर वाटीतल्या थंड पाण्यात ठेवून पाहिली होती. मी मान हलवली.

ठेकेदाराने मागणी केली ती पोत्यांच्या हिशेबात. धानोऱ्याचं दूध पुरेना. आप्पांनी आसपासच्या गावांतून दूध मागवलं, तेही पुरेना. मग तापीपलीकडे ब्राह्मणपुरीला आप्पांचे व्याही होते, त्यांनी स्वतःहून दूध पाठवायला सुरुवात केली. व्याह्यांचं दूध नाही म्हणता येत नाही. ते बैलगाडीने निघे, नावेतून तापी ओलांडे, पुन्हा गाडीत चढे आणि आमच्याकडे पोचेपर्यंत ऑक्टोबरच्या उन्हाने त्याचं जे व्हायचं ते झालेलं असे. झाकण काढलं की शेडमधली माणसं दोन पावलं मागे सरत.

आप्पा मात्र खूश झाले. "आपोआप फाटेल शे, मास्तर. डोडी बी नको नि चूल बी नको. देवनी आपलं काम करी दिधं."

उस्तादने त्या चोथ्याचे दाणे तोंडात टाकले आणि बाहेर जाऊन चूळ भरून आला. "ये मत लो," एवढंच तो म्हणाला. मी राखेची परीक्षा केली. मुशीत काळा फुगा आला, आणि तो जाळता जाळता माझं स्पिरिट संपलं. मी वहीत लिहिलं: अयोग्य. दुसऱ्या दिवशी अयोग्य. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी आप्पा माझ्या कोपऱ्यात आले आणि स्टुलावर बसले. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी वही मांडीवर घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, निदान आपल्याला येत नाही असं ते सांगत. त्यांनी माझ्याकडूनच तो शब्द वाचून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं.

"यामा कोनतं अक्षर वाईट शे?"

"पहिलं. अ."

"बाकीना अक्षरं चांगला शेतस ना?"

"हो."

"कितलं बारीक अक्षर शे ते, केमिस्टसाहेब. एक बारीक अक्षरसाठी सुरतनी गाडी थांबाडशात का तुम्ही?"

ते उठून गेले. जाताना बाहेरच्या पाटीपाशी थांबले आणि तिच्यावरची धूळ उपरण्याने पुसली. मी ते पाहिलं. मग दाढीचं पातं काढलं आणि तिन्ही ठिकाणचा अ खरवडून टाकला. माझं पोट त्या नोकरीवर होतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. शाळेने मला केव्हाही परत घेतलं असतं. मला ती पाटी हवी होती.

फॉर्मॅलीनही कमी पडायला लागलं, तेव्हा आठवड्याऐवजी दोन दिवस बुडवायचं ठरलं. मी त्यालाही कारण शोधून दिलं: आपल्याकडचं हवामान उष्ण आहे, तेव्हा क्रिया लवकर होते. उस्ताद खरादेवर त्या गुंड्या धरी आणि त्यांचा भुगा न पडता सालं निघत. "मास्टर, ये कटता नहीं, छिलता है," त्याने मला आणून दाखवलं. मी त्याला खरादेचं पातं पाजळायला सांगितलं.

माल सुरतेला गेला. दिवाळी जवळ आली होती, तेव्हा आप्पांनी मोठेपणाने गावातल्या शिंप्यांनाही गुंड्या वाटल्या. देशी माल, आपल्या धानोऱ्याचा माल. त्या दिवाळीत नंदुरबारमध्ये ज्याच्या त्याच्या अंगावर आमच्या गुंड्या होत्या. वकील, डॉक्टर, मामलेदार कचेरीतले कारकून, शाळेचे हेडमास्तर. मीही दोन सदरे शिवून घेतले.

परटाकडे भट्टी लागली ती दिवाळीनंतर. सगळ्या गावाचे नवे कपडे एकदम त्याच्याकडे गेले. सोड्याच्या पाण्यात ते त्याने नेहमीसारखे उकळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. डोक्यावरचं बोचकं त्याने ओट्यावर उतरवलं आणि वर माझाच सदरा होता तो उचलला. गुंड्या गुंड्या राहिल्या नव्हत्या. त्या फुगून, सैल पडून शेंबडासारख्या ओघळल्या होत्या, आणि वाळल्यावर त्यांनी जे धरलं ते सोडलं नव्हतं. एक बाही छातीला चिकटलेली, दुसरी पाठीला, गळा गळ्याला. सदरा हाताची घडी घालून बसल्यासारखा दिसत होता. आणि नासलेल्या दुधाचा वास.

"मास्तर, हाई काय व्हयनं देखा," तो म्हणाला. "मन्ही समजमा नही ई ऱ्हायनं. तुम्ही शिकेल शेतस म्हनीसन पहिले तुम्हनाकडे ऊनू."

तो भांडायला आला नव्हता. तो खरोखरच विचारायला आला होता. काय झालं ते मला सदरा पाहताक्षणी कळलं होतं.

"सोडा जास्त पडला असेल तुझ्याकडून," मी म्हणालो.

त्याने बोचकं बांधलं आणि तो गेला. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. "सोडा जास्त पडना म्हने," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

माझं वाक्य दुपारपर्यंत आप्पांकडे पोचलं. त्यांना ते फार आवडलं. संध्याकाळी वकिलांच्या ओट्यावर सगळे जमले, ज्यांचे कपडे गेले ते. परटाला बोलावून घेतलं. तो पायरीखाली उभा राहिला. केमिस्टनेच सांगितलं आहे की सोड्याचा दोष आहे, असं आप्पांनी जाहीर केलं. वकील म्हणाले, या माणसाला यापुढे गावातलं एकही धुणं देऊ नये. एका कारकुनाने सुचवलं की त्याची भट्टी फोडावी. परीट हात जोडून म्हणत होता की सोडा नेहमीचाच, माप नेहमीचंच, वाटलं तर घरी येऊन बघा.

"मास्तर, तुम्ही सांगा," आप्पा माझ्याकडे वळले.

सगळे माझ्याकडे बघत होते, पायरीखालून परीटसुद्धा. मी घसा साफ केला. "हे पुष्कळ अंशी पाण्याच्या कठीणपणावर अवलंबून असतं," मी म्हणालो. "शिवाय उष्णतेचं मान. त्यातून क्षारांचं प्रमाण." दोन-तीन माणसांनी माना डोलावल्या. या वाक्यांचा काय अर्थ होता ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

उस्ताद कधी आला ते कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्या एका हातात पितळी पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात माझ्याच प्रयोगशाळेतला स्टोव्ह. त्याने कोणाची परवानगी विचारली नाही. ओट्याच्या कडेला स्टोव्ह ठेवला, पातेल्यात पाणी घातलं आणि परटाला म्हणाला, "सोडा तू डाल. जितना डालता है उतनाच."

परटाने कमरेच्या पिशवीतून सोडा काढून घातला. पाण्याला उकळी आली. उस्तादने खिशातून दोन गुंड्या काढल्या. "ये डोडी की है, पहले महीने की. और ये बाद की." दोन्ही पाण्यात टाकल्या. त्याला घाई नव्हती. तो उकिडवा बसून राहिला, आणि बाकीच्यांनाही बसून राहावं लागलं. मग त्याने काडीने पहिली गुंडी बाहेर काढली. ती थोडी फुगली होती, चकाकी गेली होती, पण गुंडी होती. त्याने ती ओट्यावर वाजवून दाखवली. दुसरी काडीला लोंबत आली. त्याने ती वकिलांच्या पुढ्यात फरशीवर ठेवली आणि ती तिथेच बसली.

"सोडा तो एकच था," उस्ताद म्हणाला.

आप्पांचं डोकं मात्र कुठेही अडत नसे. त्यांनी गड्याला पाठवून कारखान्यातली माझी वही आणवली आणि हेडमास्तरांच्या हातात दिली. "माले वाचता येत नही. तुम्ही वाचा. माल चांगला शे का वाईट, हाई ठरावाना मालक मी नही, केमिस्ट शे."

हेडमास्तरांनी तारखा पाहत पानं उलटली आणि वाचलं: "योग्य. योग्य. योग्य. योग्य." मग त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेला माणूस तो. त्याने पान उजेडात तिरकं करून पाहिलं.

"इथे खोडलंय. काय होतं?"

"अ," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वकिलांनी आप्पांकडे पाहिलं. मी म्हणालो की आप्पांनीच तो काढायला लावला. आप्पांनी दोन्ही हात पसरले. "मी अडानी मानूस. माले अ काय नि योग्य काय. अक्षर कोन्हं शे ते तुम्हीच देखा." अक्षर माझं होतं, खरवडणारं पातंही माझं होतं. धानोऱ्याची निम्मी जमीन ज्याची, त्याला खोटं पाडायचा त्या ओट्यावर कोणाचा विचार नव्हता. दोष केमिस्टचा ठरला. परटाची कोणी माफी मागितली नाही. जा आता, असं म्हणाले. तो गेला. उस्तादने पातेलं ओतलं, स्टोव्ह विझवला आणि माझ्या हातात दिला. "मास्टर, मैंने बोला था ना, मत लो," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यात आला नाही, पुन्हा शिंगाचे कंगवे करू लागला.

सुरतेहून माल परत आला तेव्हा पेट्या उघडायचीही गरज पडली नाही; वासावरून कळलं. इतरांचं दिवाळं निघालं असतं. आप्पांचं निघालं नाही. धानोऱ्याच्या एका सुताराने पडून राहिलेल्या चोथ्यात चुना कालवून पाटाचा पाय चिकटवला आणि तो असा बसला की पाट फुटला तरी जोड सुटला नाही. आंबट चोथा गुंड्यांना वाईट, पण त्याचा सरस उत्तम होतो. हे माझ्या पुस्तकात पुढच्याच प्रकरणात लिहिलेलं होतं, पण मी त्या प्रकरणापर्यंत पोचलो नव्हतो. आप्पांनी सगळा चोथा सुतारांना विकला. वर्षभरात ते लोकांना सांगू लागले की त्यांचा इरादा पहिल्यापासून सरसाचाच होता, गुंड्यांचा नाद मास्तरचा. व्याह्यांचं दूध चालूच राहिलं.

शाळेने मला परत घेतलं. हेडमास्तरांनी शास्त्र मात्र दिलं नाही, भूगोल दिला. "नकाशात खोडाखोड करता येत नाही," ते म्हणाले. ते विनोद म्हणून म्हणाले असावेत.

परीट आमच्या दारात यायचा बंद झाला. बायकोने चार आठवडे घरी धुणं धुतलं, मग एका शनिवारी बोचकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्हीच जा. मी नदीवर गेलो. तो दगडावर कपडे आपटत होता. त्याने बोचकं सोडलं, एकेक सदरा काढून बघितला आणि परत माझ्याकडे दिला.

"गुंड्या काढी लया. मंग धुसू."

शिंपल्याच्या आहेत, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी बायको सदऱ्यांच्या गुंड्या उसवायची, सोमवारी परत लावायची. असे दोन-तीन महिने गेले. एकदा बोचकं ठेवून मी तिथेच उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझ्या सोड्याचा दोष नव्हता. मला माहीत होतं."

तो धोतर पिळत होता. पिळून झालं, झटकलं, वाळूवर पसरलं. "माले बी मालूम व्हतं, तुम्हले मालूम शे म्हनीसन," तो म्हणाला.

"मग ओट्यावर बोलला का नाहीस?"

"मन्हं कोन ऐकतं, मास्तर?" त्याने पुढचा कपडा उचलला.

पाण्याच्या कठीणपणाचं नाव मी या वेळी काढलं नाही. मी परत आलो. पुढच्या आठवड्यात त्याची बायको बोचकं न्यायला आमच्या दारात आली आणि गुंड्या असू द्या म्हणाली. तेव्हापासून धुणं तीच नेई, तीच आणून देई. तो स्वतः मात्र कधी आला नाही. रस्त्यात भेटला की रामराम करी आणि पुढे जाई.